धवळ्यांचा मांडव

मराठी घरात लग्न ठरले म्हणजे याद्या, मानपान, रुखवत आणि वाजंत्री यांच्या बंदोबस्ताबरोबर आणखी एक काम घरातल्या कविता करणाऱ्या माणसाकडे आपोआप चालत येते, आणि ते काम म्हणजे मंगलाष्टके रचण्याचे. आमच्या कुटुंबात ते माझ्याकडे तरुणपणीच आले आणि पुढे पंचवीस-तीस वर्षे माझ्याकडेच राहिले. गीते लिहिण्याचा माझा व्यवसाय असल्यामुळे नात्यातल्या, शेजारपाजारच्या आणि कधी कधी केवळ नावाने ओळखीच्या अशा वधूवरांवर मी जितक्या अक्षता टाकल्या त्यापेक्षा शब्दच अधिक टाकले असतील. परंतु थोरला भाऊ गेला आणि त्यानंतर आठ महिन्यांनी त्याच्या मोठ्या मुलीचे लग्न आले, तेव्हा शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांच्या चरणात त्याचे नाव कोठे बसवावे हे मला उमजेना. वृत्तात ते बसत होते, मांडवात ते बसणार नव्हते. आमच्याकडे मंगलकार्यात शोकाचा उच्चार करू नये असा शिरस्ता आहे, आणि तो शिरस्ता मोडण्याचे धैर्य मला झाले नाही. मी कुलदैवताला, नद्यांना, आजी-आजोबांच्या पुण्याईला आवाहन केले आणि ज्याच्या मुलीचे लग्न होते त्याचा उल्लेख केला नाही. वहिनी त्या दिवशी मांडवाच्या शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड बसल्या होत्या.

त्यानंतर दीड वर्ष मला एक ओळ लिहिता आली नाही. हे सांगण्याचे कारण इतकेच की त्या अवस्थेतच एका फाल्गुनात मी जव्हारला गेलो आणि तेथून मोखाड्याच्या वाटेवरील एका पाड्यात, गेरूने सारवलेल्या कुडाच्या घरात, धवलेरीचे गाणे प्रथम ऐकले. ऐकले ते मला शब्दशः कळले असे मी म्हणणार नाही. पण एका स्त्रीच्या तोंडच्या गाण्यावाचून तेथे लग्नाचे एक पाऊलही पुढे पडत नव्हते एवढे मला कळले, आणि या रूढीमागचा इतिहास शोधण्याचा ध्यास मी घेतला तो तेव्हापासून.

जव्हारचा लिहिलेला इतिहास राजांचा आहे, आणि तो अभिमानास्पदही आहे. कोळी समाजातील मुकणे घराण्याच्या जयाबाने सह्याद्रीच्या या डोंगराळ मुलखात राज्य स्थापिले. त्याचा पुत्र निमशहा याला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली ती ५ जून १३४३ या दिवशी, आणि त्या दिवसाचे महत्त्व दरबाराला इतके वाटले की संस्थानाने तेथून आपला स्वतंत्र शक सुरू करून तो सरकारी कागदपत्रांत चालविला. सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज आणि जव्हारचे विक्रमशहा यांची भेट शिरपामाळावर झाली ही परंपरा आजही प्रत्येक जव्हारकर पाहुण्याला सांगतो. १९०१ च्या खानेसुमारीत या संस्थानाचे क्षेत्र ३१० चौरस मैल आणि लोकसंख्या ४७,५३८ नोंदलेली आहे. शेजारचे मोखाडे मात्र इंग्रजी अमलात, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातला एक पेठा म्हणून होते. राजे यशवंतराव मुकणे यांच्या कारकीर्दीत संस्थानांचा काळ संपला, १९४८ साली जव्हार मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आले. सहा शतकांच्या या दफ्तरात सनदा आहेत, जमाबंदी आहे, जंगलाचे नियम आहेत. परंतु ज्या वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी रयतेवर हे राज्य चालले तिचे विवाह कोणी लावले याची नोंद ठेवण्याचे दरबाराला प्रयोजन नव्हते, कारण त्या विवाहांना ब्राह्मण लागत नव्हता, काझी लागत नव्हता, दस्तऐवजही लागत नव्हता. लागत होती ती धवलेरी.

धवलेरी ही विवाहाची पुरोहित. तिच्याकडे पोथी नसते. वडीलधाऱ्या धवलेरीच्या मागे बसून, तिच्या ओळीचा शेवट उचलून धरीत, अनेक मांडवांच्या अनेक रात्रींत तिचा कंठ आणि तिची स्मृती घडते, आणि हे गाणे आपल्याला स्वप्नात मिळाले असे मानणाऱ्या धवलेऱ्याही असतात. वारल्यांच्या घरात सवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नचौक लिहितात. गेरूच्या तांबड्या पार्श्वभूमीवर ती पांढरी चौकट, तिच्या आत पालघट देवी, बाहेर सूर्य आणि चंद्र, फणी, शिडी, घोड्यावर बसलेला पाचशिऱ्या देव. या चौकाला आज साऱ्या जगात वारली चित्रकला म्हणून ओळखतात. पण घरच्या लोकांच्या दृष्टीने रंग वाळला म्हणून चौक पुरा होत नाही. धवलेरी त्याच्यापुढे बसून देवांना नावानिशी बोलावते, हिरव्याला बोलावते, हिमाईला बोलावते, नारनदेवाला बोलावते, आणि ते येऊन बसले म्हणजे मग ती भिंत देवाची होते. पुढे हळद लावणे, मांडवाखाली आणणे, एकमेकांच्या शेजारी बसविणे, यांतील प्रत्येक कृत्य आधी गाण्यात होते आणि मागाहून हातांनी होते. कर्मकांडातील मंत्राचे जे स्थान ते येथे तिच्या गीताचे आहे, फरक एवढाच की मंत्राचा अर्थ यजमानाला सहसा कळत नाही आणि धवलेरीचे गाणे मांडवातल्या लहान पोरीलाही कळते.

त्या रात्री मला सर्वांत जाणवली ती गोष्ट निराळीच होती. देवांच्या मागोमाग धवलेरीच्या गाण्यात पूर्वजांनाही बोलावणे जात होते. जे गेले ते लग्नाच्या बाहेर ताटकळत राहिले तर कार्याला बाधा येईल, म्हणून त्यांनाही मांडवात जागा द्यायची. मी ज्या संस्कारात वाढलो त्यात मृताचे नाव अमंगल ठरून वगळले जाते. येथे ते वगळले तरच अमंगल.

'धवलेरी' या शब्दाचा माग काढीत गेले म्हणजे जव्हारच्या डोंगरातून आपण एकदम मराठीच्या उगमाशी येऊन ठेपतो. धवल म्हणजे शुभ्र, आणि धवल किंवा धवळा म्हणजे विवाहाच्या वेळी गायचे मंगलगीत. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा जो कोश रचिला, त्यात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असे सांगितले आहे आणि विवाहप्रसंगी गावयाच्या धवलाचाही निर्देश आहे. पुढे शंभरेक वर्षांनी देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, आणि त्यात या धवलाला प्रबंधाच्या पंक्तीत बसवून कीर्ती, विजय आणि विक्रम असे त्याचे तीन प्रकार नोंदविले. म्हणजे ज्या काळी मराठीत ग्रंथरचनेला नुकता आरंभ होत होता त्या काळी धवळा हा प्रकार इतका रूढ होता की दरबारी शास्त्रकाराला त्याचे लक्षण बांधावे लागले.

आणि त्याच यादवकाळात मराठीतील पहिल्या ज्ञात कवयित्रीने आपली रचना केली ती या प्रकारात. महदाइसा, म्हणजे महदंबा, ही बालविधवा होती. प्रथम दादोस नावाच्या गुरूच्या, नंतर चक्रधरस्वामींच्या उपदेशाने तिने महानुभाव पंथ धरला. तिच्या प्रश्नांनी आणि चिकित्सेने लीळाचरित्राची अनेक पाने जिवंत झाली आहेत, आणि मला स्वतःला त्या ग्रंथातील इतर कोणाही भक्तापेक्षा ही प्रश्न विचारणारी स्त्री अधिक जवळची वाटते. चक्रधरस्वामी दृष्टीआड झाल्यावर ती त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याप्रमाणेच वऱ्हाडातील ऋद्धिपूरला, चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात राहिली. गोविंदप्रभू हे लोकव्यवहाराच्या पलीकडे गेलेले पुरुष. वृद्ध वयात एके दिवशी त्यांच्या मनात विवाहाची लहर आली, भक्तांनी ती लहर शिरोधार्य मानून लग्नाचा थाट मांडला, आणि त्या मांडवात गाणे म्हणण्याची आज्ञा महदाइसेला झाली. तिने कृष्ण आणि रुक्मिणी यांच्या विवाहाचे धवळे गायिले. आज आपण ज्याला मराठीतील आद्य आख्यानकाव्य म्हणतो ते 'धवळे' असे जन्मले.

या प्रसंगाचा विचार मी अनेक वर्षे करीत आलो आहे. जिचा स्वतःचा संसार उमलण्यापूर्वीच मिटला, जिला तत्कालीन समाजाने कोणत्याही मांडवात पुढे येऊ दिले नसते, आणि जिचा गुरू तिला सोडून गेला होता, तिच्या मुखातून मराठीतील पहिले ज्ञात लग्नगीत निघावे, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा मला वाटत नाही. गीतकाराला दुःख असले म्हणजे त्याचे गीत चांगले होते असे मानणाऱ्यांतला मी नाही; माझ्या स्वतःच्या दुःखाने मला दीड वर्ष मुके केले होते. परंतु धवळ्यांत रुक्मिणीची जी उत्कंठा आहे, पत्र पाठवून उत्तराची वाट पाहणाऱ्या मुलीची जी तगमग आहे, ती केवळ कथेची गरज म्हणून आलेली नाही. महदाइसेने आपले वाट पाहणे रुक्मिणीच्या पदरी घातले, आणि जे स्वतःच्या नावाने बोलता आले नसते ते दुसरीच्या लग्नात मोकळ्या कंठाने गायिले. धवळा हा प्रकार तिला उपयोगी पडला तो यासाठी.

देशावरील मराठी समाजात धवळे पुढे विरळ होत गेले. ओवी जात्यापाशी टिकली, पाळण्यापाशी टिकली; परंतु लग्नातली मुख्य जागा भटजींच्या मंत्रांकडे आणि आमच्यासारख्यांच्या मंगलाष्टकांकडे गेली, आणि स्त्रियांकडे हळद, घाणा, रुखवत, उखाणे एवढी दुय्यम खाती उरली. गुजरातेत वैष्णव आणि जैन परंपरेत हाच शब्द 'धोळ' या रूपाने जगला. जव्हार हा गुजरातच्या सीमेपासून जवळचा मुलूख. आणि तेथे शब्दही राहिला, गाणेही राहिले, आणि गाणारीचा अधिकारही राहिला. देवगिरीच्या शास्त्रकाराने ज्याचे लक्षण लिहिले ते गाणे देवगिरीच्या वारसांनी गमावले आणि ज्यांच्यापर्यंत तो ग्रंथ कधी पोचलाच नाही त्यांनी सांभाळले, याची आम्ही शहरी मराठी माणसांनी पुरेशी दखल घेतलेली नाही, असे मला मनापासून वाटते.

पण हे सांभाळणे सुखाचे नव्हते. ज्या लग्नाचे धवलेरीने मंगल गायिले तेच लग्न पुष्कळदा वारल्याच्या गळ्यातला फास झाले. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, उंबरगाव आणि डहाणूच्या टापूत, 'लग्नगडी' नावाची पद्धत होती: तरुणाने लग्नासाठी जमीनदाराकडून अथवा सावकाराकडून थोडे पैसे, थोडे भात उसने घ्यावे आणि त्याच्या फेडीसाठी त्याने व त्याच्या बायकोने त्या मालकाकडे राबावे. कर्जाचा हिशेब मालकाच्या वहीत, वही वाचता येणारा कोणी नाही, राबणे जन्माचे. मुंबई सरकारचे अधिकारी डी. सायमिंग्टन यांनी १९३९ च्या आपल्या अहवालात या भागातील आदिवासींच्या कर्जबाजारीपणाचे आणि वेठीचे जे चित्र सरकारपुढे ठेवले ते सरकारी कागद असूनही वाचवत नाही. २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची परिषद भरली, आणि किसान सभेच्या लाल बावट्याखाली वेठ आणि लग्नगडी या दोन्ही गोष्टी यापुढे मानायच्या नाहीत असा निर्धार झाला. त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी त्याची कहाणी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली आहे. योग असा की के. जे. सावे यांचे वारल्यांच्या चालीरीतींवरील इंग्रजी पुस्तकही त्याच १९४५ साली प्रसिद्ध झाले. एकाच वर्षी एकीकडे वारल्यांच्या लग्नाचे वर्णन छापले जात होते आणि दुसरीकडे त्या लग्नापायी गेलेले त्यांचे स्वातंत्र्य परत मिळविले जात होते.

कायद्याने वेठबिगारी १९७६ साली देशभर रद्द केली, तरी लग्नाचा खर्च रद्द झाला नाही. त्यावर जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांनी आपल्या परीने जी तोड काढली ती माझ्या मते मानवी समंजसपणाचा एक मोठा पुरावा आहे. दोघांचे मन जुळले, घरच्यांचा होकार मिळाला, की मुलगी नांदायला येते. लग्न मागाहून, धान्य साठेल तेव्हा, पैसे जमतील तेव्हा. ते दोन वर्षांनी होते, दहा वर्षांनी होते, कधी मुले मोठी झाल्यावर होते, आणि बापाचे व लेकाचे लग्न एकाच मांडवात लागल्याच्या गोष्टीही या भागात ऐकायला मिळतात. समाज अशा जोडप्याला नावे ठेवीत नाही. पण लग्न लागले नाही तोवर काहीतरी देणे राहिले आहे ही जाणीव मात्र त्या दोघांच्या मनात असते, आणि सामुदायिक विवाहाच्या मेळाव्यांत नातवंडांसह आलेली जोडपी जी दिसतात ती त्या जाणिवेमुळे.

मी पाहिलेले लग्न अशांपैकीच होते. नवरीच्या कडेवर नसली तरी तिच्या पदराला धरून एक चार-पाच वर्षांची मुलगी मांडवात उभी होती, आणि ती आईच्या हळदीत स्वतःचा हात बुडवून आपल्याच गालाला लावीत होती. धवलेरीने त्यामुळे आपल्या गाण्यात एक शब्द बदलला नाही, एक क्रम सोडला नाही. जी स्त्री त्या घरात कित्येक पावसाळे नागली लावीत, पाणी वाहत, मूल वाढवीत आली होती तिला त्या रात्री त्या गाण्याने प्रथमच घरात आणले. ती नवरी रडली. माहेर सुटून इतकी वर्षे झाल्यावर ती का रडली, हे मी शेजारच्या कोणाला विचारले नाही. तेवढी समज त्या वेळी मला होती.

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी या भिंती पाहिल्या, आणि वारल्यांच्या हाती कागद व कापड दिले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी त्या कागदावर जे निर्माण केले त्याने जग थक्क झाले. लहानपणी आई गेल्यावर हा मुलगा बोलेनासा झाला होता आणि मनातले मातीवर रेघा ओढून सांगत असे, ही गोष्ट मला त्यांच्या साऱ्या चित्रांमागे उभी दिसते. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. तारप्याचेही आता कौतुक झाले: दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा कर्णा यांतून भात पिकण्याच्या दिवसांत घुमणारे ते वाद्य आयुष्यभर वाजविणारे जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मला घरात कोणाचा तरी सत्कार झाल्याचा आनंद झाला. परंतु चित्र कागदावर आले ते एकटे आले. भिंतीवर असताना त्याला गाण्यावाचून प्राण येत नव्हता. दिवाणखान्यात टांगल्यावर गाण्याची आठवणही कोणाला उरली नाही. चौक लिहिणाऱ्या सवासिनींची जागा पुरुष चित्रकारांनी घेतली, त्यातून अनेक घरांची चूल पेटली, आणि ते चांगलेच झाले. धवलेरीच्या गाण्याला मात्र टांगायला खिळा नाही आणि विकायला बाजार नाही. कविता महाजन यांच्यासारख्या लेखिकेने वारली लोकगीते मेहनतीने गोळा करून छापली, त्यांचे ऋण मोठे आहे. तरी छापील पानात धवलेरीचा श्वास कोठे तुटतो आणि मागे बसलेल्या बाया तो कोठे उचलतात हे येत नाही.

दिवाळी सरली की पाडेच्या पाडे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जगायला जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली तेव्हा हा मुलूख वर्तमानपत्रांतून महाराष्ट्राला प्रथम माहीत झाला, ही आपणा सर्वांना लाज वाटावी अशी ओळख आहे. अशा ठिकाणी तरण्या मुलीने धवलेरीच्या मागे रात्र रात्र बसून गाणे उचलावे कधी? भट्टीवरून आलेले पैसे मांडवाला पुरतात, आणि मांडवात आता मोठे कर्णे लावून वाजणारी तबकडीची गाणीही असतात. मी पाहिलेल्या लग्नात धवलेरीचे गाणे आणि तबकडीची गाणी दोन्ही होती. धवलेरी चौकापुढे बसली तेव्हा कोणी न सांगता एका पोराने जाऊन ती कर्कश गाणी बंद केली.

परतल्यावर मी लिहू लागलो. लगेच नव्हे, पण पुढच्या वैशाखात भावाच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरले आणि मंगलाष्टके पुन्हा माझ्याकडे आली, तेव्हा या वेळी मी कोणाला विचारले नाही. पहिले कडवे गणपतीचे, दुसरे कुलस्वामिनीचे, आणि तिसऱ्यात मी भावाला त्याच्या घरच्या नावाने हाक मारून मुलीच्या लग्नाला बोलावले. यती मोडला, वृत्त थोडे ओढाताणीचे झाले. ते मी तसेच ठेवले. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंनी अक्षता पडत असताना तिसरे कडवे आले. मांडवात क्षणभर शांतता झाली, भटजींनी माझ्याकडे पाहिले. शेवटच्या रांगेतून वहिनी उठल्या, माणसांतून वाट काढीत पुढे आल्या, आणि लेकीच्या मागे, मामाच्या शेजारी उभ्या राहिल्या.